आधी शाळा, मग घर

बदलीचा कागद शिमग्याच्या आधी आठ दिवस आला. कृष्णात ड्रायव्हरनं तो जीपच्या बॉनेटवर पसरून दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि दिवे लागेपर्यंत घरात अवाक्षर काढलं नाही. कोयनानगरात त्याची पंधरा वर्षं गेली होती. घाटाची वळणं त्याला तोंडपाठ होती, धरणावरचे साहेब त्याला नावानं हाक मारत होते. आता जूनच्या एक तारखेला सांगलीच्या कचेरीत हजर व्हायचं होतं. जेवताना त्यानं एकदाचं सांगून टाकलं. बायको, विजयमाला, भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"सांगलीत पोरींच्या शाळा किती हायत्या?" तिनं विचारलं.

"शाळंचं काय घिऊन बसलीस? आधी खोली बघाय नगं?"

"न्हाई. आधी शाळा. मग तिथनं चालत जाता यील अशी खोली."

कृष्णात हसला, कारण असं उलटं बोलणं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. एकोणीसशे शहात्तर सालची ही गोष्ट. आपल्या मुलखात माणूस बदली होऊन शहरात गेला की आधी बघतो तिथं भावकीतलं कोण आहे. मग नळाला पाणी कितीदा येतं ते बघतो. मग भाडं. शाळा म्हणजे घराजवळ जी असेल ती, आणि तीही पोरांसाठी. पोरीच्या शाळेपायी घर शोधणारी बाई म्हणजे डोक्यावर परिणाम झालेली, असंच लोक म्हणायचे. विजयमालेला ते ठाऊक होतं. लोकांनी काय म्हणावं हे तिनं कधी लोकांना विचारलं नव्हतं.

ती पाटणकडच्या एका वाडीची. तिची स्वतःची शाळा दुसरीत सुटली होती, तीही कशापायी, तर ओढ्यापायी. शाळा ओढ्याच्या पलीकडं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि बापानं तिला घरी बसवलं. दिवाळीला ओढा आटला, गुरं त्यातून ये-जा करू लागली, पण विजयमालेला परत शाळेत घालायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिनं दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा आईनं तिच्या हातात शेणाची पाटी दिली. हा राग तिनं जपून ठेवला होता, आणि थोरली मुलगी शालन आठवीत गेली तेव्हा तो चांगला तीस वर्षांचा झाला होता.

आणखी एक गोष्ट तिच्या अंगात मुरली होती, ती म्हणजे भीती. सदुसष्ट सालच्या भूकंपात ते भाड्यानं राहत होते त्या घराची माडी खाली आली. शालन तेव्हा पाच वर्षांची होती. तिच्या अंगावरचे दगड विजयमालेनं नुसत्या हातांनी उपसले. पोर जगली, विजयमालेच्या उजव्या हाताची दोन नखं मात्र पुन्हा कधी सरळ आली नाहीत. तेव्हापासून ती माडीच्या घरात झोपली नाही. लग्नकार्यातसुद्धा वर चढायची नाही, खाली बसून राहायची. आणि घरात फळीवर एक तांब्या, त्याच्यावर पितळेचं फुलपात्र उपडं, अगदी कडेला तोलून ठेवायची. जमीन जरा हलली की फुलपात्र खणकन खाली, आणि सगळं घर दाराबाहेर. कोयनानगरच्या वसाहतीत बऱ्याच घरांत असं काहीबाही मांडलेलं असायचं. एकदा थोरले दीर मुक्कामाला असताना मांजरानं ते फुलपात्र पाडलं, तर तेही बनियनवर अंगणात येऊन उभे राहिले होते. पुढं सालभर त्यांनी या गोष्टीवरून विजयमालेची थट्टा केली, आपण किती जोरात पळालो तेवढं गाळून.

हे थोरले दीर म्हणजे लालासाहेब. फौजेतून हवालदार होऊन आष्ट्याला परतलेले, घरची उसाची जमीन, आणि बोलणं सगळं हुकमाचं. शिमग्याला सगळे आष्ट्याला जमले तेव्हा त्यांनी प्लॅन तयारच ठेवला होता.

"मिरज रोडला नवी वसाहत झालीया. माझ्या मेव्हण्याच्या दोन खोल्या हायत तिथं. उंचावर हाय, हवा हाय, आपली माणसं हायत. सातवीपतोर शाळा बी हाय. दोघं पोरं तिथं शिकतील."

"आन शालन?" कृष्णातनं विचारलं.

"शालन माझ्याकडं ऱ्हाईल. आठवी झाली, लय झालं. तिच्यासाठी एक स्थळ माझ्या नजरंत हाय. दिवाळीनंतर बघाय येतील."

कृष्णात खाली मान घालून बसला. मोठ्या भावापुढं त्याचं तोंड उघडत नसे, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. विजयमाला दाराआड उभी होती. त्या घरात सुनेनं थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही, अशी रीत. काही सांगायचं तर पोराला मध्ये घालायचं. पोर शेजारी नसलं तर खांबाला सांगायचं. तिनं डोईवरचा पदर पुढं ओढला आणि मोठ्यानं म्हणाली, "शालन, दादास्नी सांग, मी सांगलीला जाऊन समदं बघून येती. तवर कुणाला जबान दिऊ नगा म्हणावं."

शालननं काही सांगायच्या आधीच लालासाहेबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. बाईमाणूस सांगलीत जाऊन काय बघणार, असं त्यांना वाटलं असावं, म्हणून त्यांनी नाही म्हटलं नाही. ही त्यांची पहिली चूक.

सांगलीत विजयमालेची मावशी होती, अंबूबाई. हळदीच्या वखारीत निवडायला जायची. तिचे हात कोपरापर्यंत कायमचे पिवळे. तिच्याकडं विजयमाला तीन दिवस राहिली. रोज संध्याकाळी एका शाळेच्या फाटकासमोर जाऊन उभी राहायची. वाचता येत नव्हतं, मास्तरांना काय विचारावं ते कळत नव्हतं, पण तिनं आपली एक तऱ्हा काढली होती. ओटीत डाव्या बाजूला मूठभर चिंचोके. त्या वेळी नववी-दहावीच्या मुलींना शाळेत साडी नेसावी लागे, खालच्या वर्गांना परकर किंवा फ्रॉक. शाळा सुटली की साडीतली एक मुलगी बाहेर पडली, की एक चिंचोका डावीकडून उजवीकडं.

पहिली शाळा मोठ्या नावाची. इमारत बघून माणूस दबून जावा. पोरगे लोंढ्यानं बाहेर पडले, मध्ये परकरातल्या पोरीही बऱ्याच होत्या. साड्या मात्र सात. दुसऱ्या शाळेत परकर पुष्कळ आणि साड्या अकरा. "खालच्या वर्गात इतक्या पोरी, त्या वर जाईस्तोवर कुठं गायब व्हतात गं मावशे?" तिनं विचारलं. अंबूबाई म्हणाली, "तुज्यासारख्याच व्हतात." विजयमालेला ते लागलं, पण खोटं नव्हतं.

तिसरी शाळा मुलींचीच, जुन्या गावात, नदीपासून फार लांब नाही. इमारत साधी, फाटकाचा एक दरवाजा बिजागरीतून सुटलेला. घंटा झाली आणि साड्या बाहेर पडू लागल्या. निळ्या काठाच्या, काही विटलेल्या, काही ठिगळाच्या. विजयमालेचे चिंचोके संपले. उजवीकडचे परत डावीकडं घेऊन तिनं पुन्हा सुरुवात केली. एका मुलीची बोटं पिवळी होती. सकाळी हळद निवडून दुपारी शाळेत येणारी असणार. ती मैत्रिणीशी कसल्याशा गणितावरून तावातावानं भांडत चालली होती. विजयमाला तिच्याकडं बघत राहिली आणि मोजायचं विसरली. मग मोजायची गरजही उरली नाही.

आता खोली. अंबूबाईनं शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडं जैनुद्दीन कल्हईवाल्याचं घर दाखवलं. पुढं त्याची भट्टी, मागं अंगण, अंगणात एक पत्र्याची खोली, आणि मुख्य घरावर माडीची एक रिकामी खोली. जैनुद्दीनची बायको मेहरुनबी बोलकी होती. तिनं आधी माडीच दाखवायला काढली.

"वर घ्या वैनी. उजेड हाय, वारा हाय. खालची खोली पावसाळ्यात बरी न्हाई. नदी येती कवाकवा अंगणापतोर."

विजयमालेनं जिन्याकडं नुसतं बघितलं. "माडी नगं. आमी कोयनेची माणसं, भाभी. पाण्याची आमाला भीती न्हाई. पाणी सांगून येतं. जमीन न्हाई सांगत."

मेहरुनबीनं खालच्या खोलीचं कुलूप काढलं. भूकंपातून आलेल्या माणसानं पत्रा शोधावा यात नवल नव्हतं. पण कोयनेच्या माणसांची अशी एक खोड असते. पाणी म्हणजे धरणात निमूट बसलेलं, हीच त्यांची समजूत. ते तिथून खाली गेल्यावर कुणाच्या अंगणात शिरतं याचा विचार विजयमालेनं जन्मात केला नव्हता. तिनं खालची खोली पक्की केली, शाळेत शालनचं नाव घालून आली आणि कोयनानगरला परतली.

लालासाहेबांचं पत्र आठ दिवसांत आलं. त्यात पुष्कळ मजकूर होता. मेव्हण्याच्या उंचावरच्या खोल्या सोडून तू कुठं जाऊन पडतेस, लोक काय म्हणतील, आणि शेवटी, त्या गल्लीत आपलं कोण आहे? विजयमालेनं शालनला कार्ड घेऊन बसवलं. "लिही. साष्टांग नमस्कार. त्या गल्लीत शाळा हाय." शालननं लिहिलं आणि पेन धरून वाट बघत राहिली. "आन?" "आन काय? टाक जा पेटीत."

जूनमध्ये बिऱ्हाड आलं. शालन निळ्या काठाची साडी नेसून शाळेत जाऊ लागली. पहिल्या दिवशी विजयमाला फाटकापर्यंत गेली आणि उगाच उभी राहिली. जैनुद्दीननं तांब्याला आणि फुलपात्राला कल्हई करून दिली. ती जोडी पत्र्याच्या खोलीतल्या फळीवर पुन्हा तोलून उभी राहिली. दोन महिने सुखाचे गेले.

ऑगस्टात पाऊस लागला तो थांबेना. गल्लीत जो तो दुसऱ्याला विचारू लागला, "किती फूट झालं?" पुलाखाली पाणी किती चढलं हे सांगलीकर असं विचारतात. विजयमाला लक्ष देत नव्हती. कृष्णात साहेबांना घेऊन चार दिवस बाहेरगावी होता. एका दुपारी ती चुलीपुढून उठली तर उंबऱ्यावर पाणी. घाई नाही, आवाज नाही, पाहुण्यासारखं आत आलं. तिनं पीठ उचललं, अंथरुणं उचलली, शालनची पुस्तकं दप्तरासकट डोक्यावर घेतली. तोवर पाणी गुडघ्याला लागलं.

"वर या वैनी," मेहरुनबी जिन्यातून सांगत होती. "पोरांना तरी द्या वर."

विजयमाला जिन्यापाशी गेली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. माडी तिला अंगावर येताना दिसत होती. तिनं पाय मागं घेतला. धाकट्याला कडेवर घेतलं, मधल्याला जैनुद्दीनच्या खांद्यावर दिलं, शालनचा हात धरला आणि पाण्यातून सरळ शाळेकडं चालू लागली. शाळा चढावर होती आणि आसपासच्या लोकांसाठी तिचे वर्ग उघडले होते. अशा रीतीनं विजयमाला वयाच्या चाळिशीजवळ शाळेत राहायला गेली. नववीच्या वर्गात, शालनच्याच बाकाशेजारी, तिनं बिऱ्हाड मांडलं.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. पत्र्याच्या खोलीची मागची भिंत कच्च्या विटांची होती, ती बसली होती. त्याच दिवशी लालासाहेब आले. पायात गमबूट, हातात काठी. वर्गाच्या दारात उभं राहून त्यांनी बाकावर वाळत घातलेली लुगडी बघितली, फळ्याखाली मांडलेली चूल बघितली. नुकताच परतलेला कृष्णात भावाला बघून उठून उभा राहिला.

"झालं समाधान?" लालासाहेब म्हणाले. "मी सांगितलं हुतं उंचावर घर घ्या. न्हाई ऐकलं. आता बांधा सामान. पोरं वसाहतीत, शालन आष्ट्याला."

"हितं दुसरी खोली बघतो की दादा," कृष्णात कसाबसा बोलला.

"कुठली? खालची समदी घरं चिखलात गेल्याती. एक त्या कल्हईवाल्याची माडी तेवढी रिकामी हाय, मी आत्ता बघून आलो. तिथं तुजी बायकू चढंल व्हय? जिना बघून पाय कापत्यात तिचं, मला काय ठावं न्हाई?"

शालन कोपऱ्यात पुस्तकांची ओली पानं एकेक सोडवत होती. तिचे हात थांबले. ती आईकडं बघत होती.  

विजयमाला चुलीपुढून उठली. रीतीप्रमाणं शालनला मध्ये घालायला हवं होतं. किमान खांबाला सांगायला हवं होतं. तिनं पदर डोईवर घेतला, पण तोंडावर ओढला नाही, आणि सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा थोरल्या दिराच्या डोळ्यात बघून बोलली.

"दादा, माजी शाळा पाण्यापायी सुटली. ओढा आटला तरी कुणी मला परत घातलं न्हाई. हिला बी आता आष्ट्याला न्ह्याल, घर सावरलं की पाठवतो म्हणाल, आन दिवाळी झाली की हिच्या डोक्यावर अक्षता टाकाल. मी न्हाई पाठवायची. माजं चुकलं, मी जमिनीला भ्याले आन पाण्याला इसरले. चूक माजी हाय, ती मी निस्तरीन. पोरगीनं का निस्तरावी?"

लालासाहेबांना फौजेतही कुणी असं बोललं नसेल. कानशिलं लाल झाली. "आन ऱ्हाणार कुठं?"

"माडीवर."

तिनं चुलीतली लाकडं विझवली, पिठाचा डबा डोक्यावर घेतला आणि निघाली. मागं कृष्णात, पोरं, त्यांच्या मागं लालासाहेब, कारण त्यांना बघायचंच होतं. जिन्यापाशी ती थांबली. मेहरुनबी वरून खाली आली आणि काही न बोलता तिच्या डाव्या अंगाला उभी राहिली. अकरा पायऱ्या. विजयमाला भिंतीला वाकडी नखं रोवत चढली. तिसऱ्या पायरीवर तिला दरदरून घाम सुटला. सातव्या पायरीवर ती खाली बसली, आणि लालासाहेब खालून म्हणाले, "उतर. हट्ट बास झाला." ते बोलले नसते तर कदाचित ती उतरली असती. ती उठली आणि उरलेल्या चार पायऱ्या चढून गेली.

"पंधरा दिसात खाली येशील," लालासाहेब म्हणाले आणि एस. टी. स्टँडकडं चालते झाले.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. पहिले काही दिवस विजयमालेला झोप लागली नाही हे खरं. ती भिंतीला पाठ लावून बसायची. पण सकाळी शालनची साडी पिनेनं नीट लावून द्यायला तिनं एक दिवस चुकवला नाही.

दसऱ्याच्या तोंडावर लालासाहेब गुळाच्या बाजाराला आले आणि माडीवर चढले. स्थळाची माणसं अजून थांबली आहेत, हे सांगायचं निमित्त होतं. ती अजून वरच आहे का, हे बघायचं कारण होतं. कृष्णात कचेरीत, धाकटे दोघं अंगणात. विजयमालेनं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं आणि सूप घेऊन तूर निवडायला बसली. लालासाहेबांची नजर फळीवर गेली. तांब्या, त्यावर उपडं फुलपात्र, अगदी कडेला.

"अजून मांडतीस व्हय हे?"

"मांडते."

"म्हंजी भीती हायच."

"हाय की. तिनं बी आता हितंच ऱ्हायचं."

 लालासाहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि स्थळाचा विषय काढण्यासाठी घसा खाकरला. तेवढ्यात पायाखालची लाकडी तक्तपोशी थरथरली. भिंतीवरचा आरसा हलला. तांब्यावरचं फुलपात्र डुगडुगलं आणि खणकन खाली पडून घरंगळत गेलं. लालासाहेब ताडकन उठले. एक वहाण पायात, एक हातात, असे ते जिन्याच्या तोंडाशी पोचलेसुद्धा.

विजयमाला हलली नाही. तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. रोजच्यासारखी शालन लाकडी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या घेत धाडधाड वर येत होती, आणि जिन्यातूनच गल्लीतल्या मैत्रिणीला ओरडून सांगत होती की गणिताचं उत्तर आपलंच बरोबर आहे.

"बसा दादा," विजयमाला म्हणाली. "शाळा सुटली."